गाडीला काही झालं नाही

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "मुलगा किती उंच आहे ते बघू नकोस. किती उंचावर बसतो ते बघ."

मावशी हाडांच्या वॉर्डात परिचारिका होती. तिच्या वॉर्डात माणसांना नावं नसत, वाहनं असत. खिडकीपाशी मोटारसायकल, मधे बसमधून पडलेली, दाराजवळ नुसतंच पायी चाललेलं. "आणि बाहेर बाकावर बसून फोनवर 'गाडीला काही झालं नाही' असं सांगत असतो ना," मावशी म्हणायची, "तो उंच गाडीवाला."

"मावशी, ह्याची गाडी एवढीशी आहे गं. आणि चालवतो अशी, की मागून सायकलवाले घंटी वाजवतात."

"ह्याची असेल. घरात आणखी कोण आहे?"

"धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर."

"त्याची बघितलीस?"

मी हसले. धाकट्या दिराच्या गाडीवरून कुणी लग्न मोडतं का?

भाऊजींची ही गाडी लग्नानंतर काही वर्षांनी आली, तेव्हा मी ती बघितली. म्हणजे मान वर करून बघितली. काळी. आत चढायला पायरी, आणि त्या पायरीवर चढायला आणखी एक पायरी असती तर बरं झालं असतं अशी. छतावर फावडं, दोरखंड, चिखलात चाक रुतलं तर खाली घालायच्या दोन जाळीदार पट्ट्या. एका बाजूने एक नळी पार छतापर्यंत गेलेली. गाडी नदीत उतरली तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. आजवर ती उतरली त्यातलं सर्वांत खोल पाणी म्हणजे वॉशिंग सेंटरचं. घरापासून भाऊजींच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता ताटासारखा गुळगुळीत, वाटेत चढ म्हणाल तर एक गतिरोधक. मागच्या काचेवर लिहिलेलं, 'रस्ता संपतो तिथे मी सुरू होतो.' खरं तर रस्ता संपतो तिथे भाऊजी गाडी वळवतात. हे माझ्या जावेनेच मला सांगितलं.

त्यांच्यासारख्यांचा एक गट आहे, नाव 'गरुड'. त्यात एक करसल्लागार, एक बाथरूमच्या फरश्या विकणारे, एक डोळ्यांचे डॉक्टर, असे सगळे शूर लोक. सुटीच्या दिवशी ते गावाबाहेर जाऊन एखादं डबकं शोधतात, त्यात आळीपाळीने उतरतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. चिखल लागला की तो वाळून आपोआप गळेपर्यंत गाडी धुवायची नाही, हा नेम. पूर्वी शहाणे उंटावर बसायचे. उंट गेले, पण शहाण्यांची कुठेतरी सोय व्हायला हवीच होती.

तर त्या रविवारी सगळं घर एकत्र बाहेर पडणार होतं. कारखाना पुढे कुणी सांभाळायचा यावरून दोघा भावांत वाजलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खडीच्या खाणीच्या वर डोंगरावर एक जमिनीचा तुकडा घेतला होता. तो बघायचा, तिथेच डबे खायचे आणि संध्याकाळी परत. वरचा रस्ता दगडांचा. भाऊजी आठवडाभर हसतमुख होते. गाडीच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या लायकीचा रस्ता येणार होता.

आमचा कारखाना ट्रकच्या बॉड्या बांधायचा. पुढे कारखाना, मागे घर, आणि मधल्या भिंती पत्र्याच्या. म्हणून इथून पुढे मी ज्याच्या त्याच्या मनातलं लिहिलं, तर त्या लोकांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं असं समजू नका. ते पत्र्यातून आलं.

*

"ठकी माझ्या गाडीत!" भाऊजींनी अंगणात उभं राहून जाहीर केलं. "मागे बसणार, झुलत झुलत जाणार. काय ठकूबाई? डोंगर चढायचा ना?"

ठकी माझी मुलगी. नुकतं चौथं लागलेलं. तिला पोत्यात घालून नेतो म्हटलं असतं तरी ती "हो" म्हणाली असती. ती "हो" म्हणाली.

"ती आमच्या गाडीत बसेल," मी म्हटलं. "तिची खुर्ची तिथे बांधलेली आहे."

"ती खुर्ची! वहिनी, त्या खुर्चीत तिला बघितलं की मला वाटतं पोरीचे दात काढायला घेतलेत."

सगळे हसले. दातांच्या डॉक्टरच्या विनोदाला हसून ठेवावं लागतं. कधी तोंड उघडून त्याच्यापुढे बसायची वेळ येईल, सांगता येत नाही.

"भाऊजी, मागच्या बाकांना बेल्ट नाहीत. आणि बाक आडवे आहेत. माणूस बसतो बाजूला तोंड करून आणि गाडी धडकते पुढे."

"धडकते कशाला?"

"समजा हो."

"समजायचं तरी कशाला? वहिनी, तुमचं शिक्षण झालंय ना, तिथेच घोळ झालाय. सारखं आपलं 'समजा, समजा'."

"मी क्रॅश टेस्टचा निकाल वाचलाय तुमच्या गाडीचा. पाचातला एक तारा मिळालाय तिला."

"तारे बघायलाच तर डोंगरावर जायचं, ताई," जाऊ म्हणाली. ती गॉगल डोक्यावर चढवून पायरीवर उभी होती. जाऊ मनाने वाईट नाही. फक्त नवऱ्याच्या वाक्याला शेपूट लावायची तिला सवय आहे.

"आणि त्या टेस्टमध्ये पुतळे असतात," भाऊजी म्हणाले. "पुतळ्याला अक्कल असते का? माणूस धरून बसतो. आप्पांनी मागे कडी बसवलीय, ही बघा. हत्ती लोंबकळला तरी हलणार नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला घरात 'बघू' म्हणतात. मला मागणी घालायला आला तेव्हाही, लग्न कधी करायचं विचारल्यावर, तो तेच म्हणाला होता.

"बघू," तो म्हणाला. "आधी डबे तर ठेवूया."

*

आप्पांबद्दल सांगायला हवं. कारण गाडी भाऊजींची असली तरी तिचा पुढचा भाग आप्पांचा होता.

आप्पांची सारी श्रद्धा एका वाक्यात मावते: लोखंड वाकलं की माणूस गेला. भाऊजींनी गाडी आणली, त्याच आठवड्यात आप्पांनी तिचं पुढचं कवच उतरवलं आणि आत बघून ते हबकले. चासीच्या टोकांना पातळ पत्र्याच्या दोन चौकोनी नळ्या, आणि त्यांना चक्क मुद्दाम घड्या पाडलेल्या.

"चोर लेकाचे," आप्पा म्हणाले. "इथे लोखंड वाचवलंय."

मी ठकीला कडेवर घेऊन तिथेच उभी होते. "आप्पा, ते तसंच करतात. धडक बसली की तेवढा भाग चुरगळतो. धक्का तिथे जिरतो आणि आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो."

"म्हणजे मोडण्यासाठी बनवलंय?"

"हो."

आप्पांनी माझ्याकडे अशा कीवेने बघितलं, की मला क्षणभर माझ्या माहेरच्यांची लाज वाटली. "सूनबाई, या हातांनी मी ट्रक बांधलेत. एक ट्रक दरीत गेला होता. वर काढला तर बॉडी जशीच्या तशी. खिळा हललेला नाही."

"आणि ड्रायव्हर?"

"ते वेगळं."

मग त्यांनी त्या घड्यांच्या नळ्यांना चारही बाजूंनी लोखंडी अँगल जोडले. त्यांच्यावर मनगटाएवढ्या जाड पाइपचं गार्ड थेट चासीला वेल्ड केलं. मागे ट्रकमधले असतात तसे दोन बाक टाकले आणि वर कडी लावली. काम असं देखणं, की सांध्यावरून बोट फिरवावं. आठ दिवस बापलेक एकमेकांशेजारी उकिडवे बसून होते. धाकट्याशी दातांबद्दल काय बोलायचं हे आप्पांना कधीच कळलं नाही. जे काही बोलायचं होतं ते त्यांनी त्या वेल्डिंगमध्ये बोलून घेतलं. म्हणून त्या गार्डबद्दल कुणी वाकडं बोललं की ते आप्पांना लागायचं, आणि माझा नवरा, जो कारखान्यात रोज त्यांच्याबरोबर घाम गाळतो, तो कोपऱ्यात उभा राहून ते सगळं बघायचा.

"आता समोर खांब आला तरी खांब जाईल," आप्पा शेवटी म्हणाले. देव कधीकधी फारच लक्ष देऊन ऐकत असतो.

*

"मागे मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई वादात पडत नाहीत. पडल्याच तर धाकट्याच्या बाजूने पडतात, ही आमच्या घराची राज्यघटना आहे.

"तू?" आप्पा म्हणाले. "तुझी कंबर?"

"कंबर माझी आहे ना? मला मागे हवा लागते. ठकीला तिच्या आईजवळ बसू दे. नाहीतर ही वाटभर मान वळवून मागेच बघत बसेल, मग हिची मान धरेल आणि संध्याकाळी शेक मला द्यावा लागेल."

"अगं आई, पण ठकीला मजा..."

"तू गाडी चालव. मजा मी करते."

भाऊजींचा मान राहिला, माझं म्हणणं राहिलं, आप्पांचा बाक रिकामा गेला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पदर खोचून पायरी चढत होत्या आणि पाय पोचत नव्हता. माझ्या नवऱ्याने त्यांना हात दिला.

माझ्या ताऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण त्यांना आपलं पोर माहीत होतं. लहानपणी सायकल शिकताना धाकटा भिंतीवर जाऊन आदळला होता आणि गुडघे फोडून घरी आल्यावर म्हणाला होता, "आई, भिंत आडवी आली." सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशीच मला कळलं. याच्या गाडीत दुसऱ्याचं मूल बसवायचं नाही. आपलं म्हणून आपण बसावं."

*

आता ते स्टूल. ते आप्पांनीच ठकीला बनवून दिलं होतं. जाड पत्र्याचं, बुटकं, लाल रंगाचं. ती ते अंगणभर ओढत फिरायची. त्या सकाळी ती ते घेऊन काळ्या गाडीच्या पुढे, अगदी गार्डच्या सावलीत जाऊन बसली होती. मी खाली बसून तिच्या बुटांचे बंद लावत होते. भाऊजी तेव्हा वर चढत होते. मग मी तिला उचललं, आमच्या गाडीत नेलं, खुर्चीत बसवलं, बेल्ट ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. नवरा म्हणाला, "तुटेल तो." स्टूल तिथेच राहिलं.

वर बसलं की जग नीट दिसतं, असं भाऊजींचं म्हणणं आहे. जाऊही म्हणते, "ताई, शेजारच्या गाड्यांतलं सगळं दिसतं. कोण नाक कोरतंय तेसुद्धा." लांबचं सगळं दिसतंच. बॉनेटच्या नाकाखाली जमिनीचा जो तुकडा असतो, तेवढा दिसत नाही. त्या तुकड्यात एक स्टूल सहज मावतं. स्टुलावर जे काही बसलं असेल तेही मावतं.

भाऊजींनी बेल्ट लावला नव्हता. बेल्टच्या खाचेत त्यांनी नुसता एक चिमटा खोचून ठेवला होता, म्हणजे गाडीला वाटतं बेल्ट लावलाय आणि ती किणकिण करत नाही. गाडीला फसवलं याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी गॉगल लावला. आप्पांनी कारखान्याचं फाटक उघडलं आणि ते बाजूला उभे राहून, ट्रक बाहेर काढताना करतात तसे हात हलवायला लागले. "येऊ दे, येऊ दे!" जाऊ घराला कुलूप लावत होती. आत दोघंच, पुढे भाऊजी आणि मागे त्यांची आई.

चाकाखाली काहीतरी करकचलं. भाऊजी दचकले. दचकलेला माणूस ब्रेक दाबायला जातो आणि पाय भलतीकडेच पडतो. गाडीने उडी मारली, तिरपी झाली आणि फाटकाच्या खांबावर गेली.

आवाज मोठा नव्हता. 'ठण्' असा, कारखान्यात दिवसभर होत असतात तसलाच एक. वेग इतका किरकोळ की एअरबॅगलाही फुगावंसं वाटलं नाही. सिमेंटचा खांब जरा विचार करून मागे आडवा झाला.

आप्पा धावले. गार्डकडे धावले. पाइपवरून हात फिरवला, वाकून सांधे बघितले आणि दोन्ही हात वर केले.

"ओरखडासुद्धा नाही! बघितलंत? खांब गेला! गाडीला काही झालं नाही!"

भाऊजी खाली उतरले. एक हात तोंडावर होता. "काही नाही," ते म्हणाले, "गाडी मस्त आहे." आणि प्रत्येक शब्दाबरोबर शीळ वाजत होती. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर वरचे पुढचे दोन दात होते. डॉक्टरसाहेबांनी ते स्वतःचे आहेत की आणखी कुणाचे, अशा नजरेने बघितले.

मागून काहीच आवाज येत नव्हता.

मागच्या दाराशी सगळ्यांत आधी माझा नवरा पोचला. बघू म्हणून ओळखला जाणारा तो माणूस आमच्या गाडीतून कधी उतरला तेही मला कळलं नाही. सासूबाई दोन बाकांच्या मधे पडल्या होत्या. कडी जागच्या जागी होती, आप्पांचंच वेल्डिंग ते. सासूबाईंचा हातही कडीलाच होता. त्यांनी पुतळ्यासारखं केलं नव्हतं, धरून बसल्या होत्या. खांदा मात्र जागेवर नव्हता.

"ठकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गाडीत, आई. खुर्चीत."

"मग असू दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

*

हॉस्पिटलला निघताना जाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी तुमच्या गाडीतून येऊ?" मी दार उघडलं. ती ठकीच्या शेजारी बसली. आणि मी सांगायच्या आधीच तिने बेल्ट लावला, पुन्हा ओढून बघितला.

सासूबाईंचा खांदा निखळला होता आणि बरगड्या मोडल्या होत्या. आत त्यांना पट्टी बांधत होते तेव्हा मी बाहेर आले. बाकावर भाऊजी बसले होते, तोंडात कापूस, कानाला फोन. गरुडांपैकी कुणीतरी होतं.

"नाही नाही," ते शीळ घालत सांगत होते, "गाडीला काही झालं नाही."

मी तिथेच भिंतीला टेकले. मावशीची आठवण आली. वाटलं, आत्ता ट्रे घेऊन ती दारातून येईल आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवेल.

सासूबाईंना ठेवून घेतलं आणि दुपारी आम्ही घरी आलो. टेबलाभोवती बसलो. डोंगरावर खायचे डबे कुणीतरी टेबलावरच उघडले होते. भूक सगळ्यांना होती आणि त्याची लाजही सगळ्यांना होती.

"मुळात," आप्पा म्हणाले, "ते स्टूल तिथे ठेवलं कुणी?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी जवळपास असावा लागतो. मी जवळच होते.

"वहिनी तिथे बसल्या होत्या," भाऊजी म्हणाले. "मी काही बोलत नाही. पण गाडी सरळ जात होती. स्टूल आडवं आलं."

"भिंत आडवी आली तशी," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

"आणि तुझ्या आईनेही नीट धरलं नसणार," आप्पा म्हणाले. "कडी बघून आलो मी. तसूभर हललेली नाही. इतकी मजबूत कडी असताना माणूस पडतोच कसा?"

जावेने पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरात ठेवला. "आप्पा, त्यांचा हात कडीलाच होता. मी बघितला. खांदा निसटला, हात नाही."

भाऊजींनी बायकोकडे असं बघितलं, जसं त्यांच्या गाडीने आपण होऊन हॉर्न वाजवला असावा.

तेवढ्यात माझा नवरा बाहेरून आला. हातात ते स्टूल होतं. म्हणजे मला माहीत होतं म्हणून मी स्टूल म्हणते. तो एक लाल, चपटा, पापडासारखा पत्रा होता. त्याने तो डब्यांच्या मधे ठेवला.

आप्पांनी तो उचलला, फिरवून फिरवून बघितला. "हे इतकं वाकलं कसं? चांगला जाड पत्रा घातला होता मी."

"आप्पा," नवरा म्हणाला, "यावर ठकी बसली होती."

"केव्हा?"

"बूट घालत होती. हा गाडीत चढत होता, तेव्हा."

"मला दिसली नसती का?" भाऊजी म्हणाले.

"स्टूल दिसलं?"

आतल्या खोलीत ठकी बाहुलीला रागावत होती, "बेल्ट लाव, बेल्ट लाव." ती बाहुलीला माझ्या आवाजात रागावते.

आप्पांनी तो पत्रा खाली ठेवला. नंतर पुन्हा उचलला आणि मांडीवर ठेवला, जणू तिथे कुणी बसणार होतं. मला वाटलं, आता. आता यांच्या डोक्यात शिरेल.

"बघू," आप्पा म्हणाले. "बघू काय करायचं ते."

"मी बघितलं," माझा नवरा म्हणाला. "ठकी त्या गाडीत बसणार नाही. आईही बसणार नाही."

लग्न झाल्यापासून मी त्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली पूर्ण वाक्यं. मी त्याच्याकडे बघत राहिले. जावेने माझ्या ताटात एक केळं सरकवलं.

*

तुम्हाला वाटेल की इथून घर बदललं. घर असं एका स्टुलाने बदलत असतं तर आप्पांनी स्टुलंच बनवली असती.

आता ते गार्ड बनवतात. आडव्या झालेल्या खांबाचा एक तुकडा कारखान्याच्या दारात ठेवलाय आणि आल्यागेल्याला ते दाखवतात. "हा खांब गेला. गाडी नाही." करसल्लागार आला, फरश्यावाला आला, डोळ्यांच्या डॉक्टरनेही लांबूनच नीट दिसलं म्हणून एक सांगून ठेवलं. सगळे गरुड आमच्याच अंगणात उतरले. भाऊजींनी नवे दात बसवून घेतलेत. म्हणतात, जुन्यांपेक्षा पक्के आहेत. पडलो तरी नाक वर, आणि आता दातही.

माझ्या नवऱ्याने मागच्या बाकांसाठी बेल्ट आणून ठेवलेत. ते अजून खोक्यातच आहेत. बेल्ट लावायला चासीला भोकं पाडावी लागतात आणि आप्पा म्हणतात, भोकं पाडली की लोखंड कमजोर होतं. दोघांचं त्यावरून रोज वाजतं. आमच्या पत्र्याच्या भिंतींना आता तोच एक आवाज पाठ आहे. एके दिवशी तो आप्पा नसताना भोकं पाडेल, हे मला माहीत आहे. ड्रिलचं पातं त्याने खिशात ठेवलंय.

पण सासूबाई पुन्हा जायला लागल्या. पट्टी निघाली आणि पुढच्याच रविवारी गेल्या, काळ्या गाडीतून, डोंगरावरची जमीन बघायला.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "आई, कशाला जाता?"

"मला हवा लागते."

"आई."

त्या पालेभाजी निवडत होत्या, एकाच हाताने. "मी मागे असले की तो हळू चालवतो गं," त्या म्हणाल्या. "एकटा असला की त्याच्या अंगात येतं. तू ठकीला खुर्चीत बांधतेस. मी या घोड्याला कशाने बांधू? म्हणून मीच जाऊन बसते."

"मग पुढे तरी बसा. पुढे बेल्ट आहे."

"पुढे तुझे सासरे असतात. त्यांना गार्ड दिसावं लागतं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. इतकी वर्षं मी समजत होते की या घरात जिवाला घाबरणारी मी एकटीच. या बाईंनी तर तोंडाने काही न म्हणता स्वतःलाच ब्रेक म्हणून बसवलं होतं. मी तारे वाचून भांडले, त्या कडी धरून बसल्या. दोघी घाबरलेल्याच.

आज सकाळी ते तिघं पुन्हा गेलेत. मी फोन लावतेय, वाजतोय, उचलत नाहीत. सासूबाईंचा फोन पिशवीत असतो आणि पिशवी बाकाखाली. आप्पा फोन घेऊनच जात नाहीत. भाऊजी गाडी चालवताना फोन घेत नाहीत, असं ते अभिमानाने सांगतात. त्यांचं तेवढंच शहाणपण आज नेमकं माझ्या आड आलंय.

तेव्हा तुम्ही त्या रस्त्याला असाल तर एक करा. काळी गाडी आहे, पुढे मनगटाएवढ्या पाइपचं गार्ड, छतावर कोरं फावडं, मागच्या काचेवर रस्ता संपल्याबद्दल काहीतरी लिहिलेलं. शेजारी थांबलात तर चालकाला हात करू नका, एवढ्या खालचं त्याला दिसत नाही. मागच्या काचेवर टकटक करा. आडव्या बाकावर एक बाई बसलेल्या असतील, डाव्या हाताने कडी धरून, कारण उजवा अजून वर जात नाही. त्या म्हणतील, मला इथे हवा लागते. म्हणू दे. तुम्ही त्यांच्याकडे नीट बघा, त्या ठीक आहेत ना, आणि मला कळवा.